रांदेर : बंदर गेले, पेढी गेली, पत राहिली

कापडाच्या धंद्यात पडलेल्या माणसाला सुरत नवी नसते. गेली तीस वर्षे आमची महिन्या-दीड महिन्याला एक फेरी ठरलेली. वसईला गाडी धरायची, सुरत स्टेशनाबाहेर चहा घ्यायचा, रिंग रोडच्या मार्केटात चार पेढ्या करायच्या, सुताचा भाव विचारायचा, वसुली करायची आणि रात्रीच्या गाडीने परत भिवंडी. या तीस वर्षांत आम्ही तापी नदी एकदाही नीट पाहिली नव्हती, हे सांगितले तर वाचकांना खरे वाटणार नाही. पण मुंबईकडून येणाऱ्याला सुरत स्टेशनापर्यंत तापी लागतच नाही. रेल्वेचा पूल स्टेशनाच्या पुढे, उत्तरेला आहे. ज्या नदीने सुरतेला मोठे केले ती न पाहता सुरतेत धंदा करणारे आमच्यासारखे पुष्कळ असतील.

गेल्या हिवाळ्यात ती पाहण्याचा योग आला, तोही धंद्यातल्या एका दुखण्यामुळे. सुरतेच्या एका पार्टीकडे ग्रे कापडाचे पैसे सात महिने अडकले होते. फोनवर “भेजते हैं” एवढेच उत्तर मिळे. शेवटी मुलाला बरोबर घेऊन आम्ही गेलो. पेढीवर मुनीम बसलेला. “सेठ बाहेरगावी आहेत, उद्या चारला या,” म्हणाला. अख्खा दिवस हातात राहिला. मार्केटातला आमचा जुना दलाल म्हणाला, “मुलगा पहिल्यांदाच आलाय, त्याला रांदेरला न्या. खावसा खाऊ घाला. आणि तुम्हीही बघा, आपल्या लोकांची तिजारत कुठून कुठे गेली ते.”

किल्ला, सराई आणि हाजी

रिक्षाने चौकबाजारात आलो. नदीकाठीच सुरतेचा किल्ला आहे. पोर्तुगीजांच्या वारंवारच्या हल्ल्यांपासून बंदर वाचावे म्हणून गुजरातच्या सुलतानाच्या काळात, १५४० नंतरच्या वर्षांत, खुदावंद खान याने तो बांधला. अलीकडे त्याची दुरुस्ती होऊन आत संग्रहालय झाले आहे. जवळच मुघलसराई आहे. शाहजहानच्या राज्यात, १६४४ साली, हकीकत खान याने बांधलेली ही सराई हजला जाणाऱ्या मुसाफिरांच्या उतरण्यासाठी होती. आज तिथे सुरत महानगरपालिकेचे कार्यालय आहे.

आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले. शाळेच्या इतिहासात आम्हाला सुरत भेटली ती १६६४ आणि १६७० च्या शिवाजी महाराजांच्या स्वाऱ्यांमुळे. त्या स्वाऱ्या सुरतेवर का झाल्या, हे मात्र व्यापारी झाल्यावर कळले. दौलत जिथे असते तिथेच स्वारी होते. ही दौलत कशाची होती? कापडाची. सुरतेला लोक मक्केचा दरवाजा म्हणत. हाजींना घेऊन जाणाऱ्या जहाजांतच कापडाच्या गाठीही भरलेल्या असत. जिद्दा आणि मोखाच्या बाजारात ते कापड विकायचे आणि चांदी घेऊन परत यायचे. हे कापड फक्त गुजरातचे नव्हते. बुऱ्हाणपूरचा आणि आपल्या खानदेशचा माल नंदुरबार-नवापूरच्या वाटेने बैलगाड्यांवरून सुरतेला उतरत असे. जी तापी भुसावळजवळून वाहते तीच सुरतेला समुद्राला मिळते. म्हणजे खानदेशच्या विणकराच्या मजुरीचे पैसेसुद्धा या नदीच्या मुखाशी ठरत होते.

सुरतेआधीचे बंदर

नेहरू पुलावरून तापी ओलांडली आणि अडाजणमार्गे रांदेरला पोहोचलो. आज रांदेर सुरतेचेच एक उपनगर झाले आहे. पण वयाने ते सुरतेहून थोरले. सुरतेचे नाव फारसे कोणाला ठाऊक नव्हते तेव्हा तापीच्या या काठावर रांदेरला जहाजे लागत. जैन व्यापाऱ्यांची इथे मोठी वस्ती होती. तेराव्या शतकात अरब व्यापारी व खलाशी येऊन स्थायिक झाले.

दुआर्ते बार्बोसा नावाचा पोर्तुगीज १५१४ च्या सुमारास या किनाऱ्यावर होता. त्याने रांदेरच्या मुसलमान व्यापाऱ्यांबद्दल जे लिहून ठेवले आहे त्यातून त्यांची ऐपत कळते. त्यांची स्वतःची चांगली जहाजे होती. मलाक्का, बंगाल, पेगू, तेनासरीम, सुमात्रा इथपर्यंत त्यांचा व्यापार चाले. मसाले, रेशीम, कस्तुरी आणि चिनी मातीची भांडी ते आणत. त्यांच्या घरांत पुढच्या खोलीत भिंतीभर फळ्या मारून त्यावर चिनी भांडी दुकानासारखी मांडलेली असत. व्यापारी माणसाला ही सजावट कशासाठी ते लगेच समजते. घरात पाय ठेवताच समोरच्याने आपली पत ओळखावी!

१५३० साली अंतोनियो द सिल्व्हेरा याच्या आरमाराने तापीत शिरून आधी सुरत आणि मग रांदेर लुटून जाळले. त्यानंतर रांदेरचा व्यापार हळूहळू समोरच्या काठावर, सुरतेला गेला. सुरत वाढली आणि रांदेर मागे पडले. दोहोंमध्ये फक्त नदीचे पात्र होते. पण एकदा गेलेले गिऱ्हाईक तेवढे अंतरही परत ओलांडत नाही.

ज्यांची जहाजे होती ते

पुढे सुरतेत जे मोठे व्यापारी झाले त्यांत मुल्ला अब्दुल गफूर यांचे नाव पहिल्या ओळीत घ्यावे लागते. हे बोहरा व्यापारी. १७१८ साली त्यांचा इंतकाल झाला तेव्हा त्यांच्या मालकीची समुद्रावर चालणारी सतराच्या आसपास जहाजे होती. त्या काळच्या युरोपियन कंपन्यांशी हा एकटा माणूस बरोबरी करत होता. पण धोकेही तेवढेच मोठे. १६९५ साली हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने बादशहाचे ‘गंज-ए-सवाई’ हे जहाज हजच्या परतीच्या वाटेवर लुटले. त्याआधी त्याच चाच्यांच्या हाती लागलेले ‘फतेह मुहम्मदी’ हे जहाज अब्दुल गफूर यांचे होते.

समुद्रावरचे चाचे एकवेळ परवडले. त्यांचे नातू मुल्ला मुहम्मद अली यांनी अठव्याला स्वतःचा धक्का बांधला. शहराच्या सुभेदाराशी त्यांचे बिनसले. १७३३ साली कैदेतच त्यांचा अंत झाला. सतरा जहाजांच्या पेढीवर अशी वेळ आली.

सुरत का मागे पडली याची कारणे पुस्तकांत पुष्कळ दिलेली असतात. दिल्लीची बादशाही खिळखिळी झाली. इराणातली सत्ता कोसळली. नदीच्या मुखात वाळूचे बांध होते, त्यामुळे मोठी जहाजे आधीपासूनच बाहेर सुवाळीला नांगर टाकून उभी राहात आणि माल लहान होड्यांतून आणावा लागे. इंग्रजांनी मुंबईला आपले ठाणे भक्कम केले. ही सारी कारणे खरी आहेत. पण कारागीर वाचकांनी एका तारखेकडे लक्ष द्यावे. १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया हा पारशी जहाजबांधणी कारागीर सुरतेहून मुंबईला गेला. कंपनीने त्याला गोदी उभारण्यासाठी नेले. त्याच्या घराण्याने पुढे मुंबईत सागाची अशी जहाजे बांधली की इंग्रजांच्या आरमाराने ती घेतली. बंदर आधी नदीच्या गाळाने बुडत नाही. हातात हुन्नर असलेला माणूस दुसरीकडे जातो तेव्हाच त्याची सुरुवात होते. १८३७ साली सुरतेत मोठी आग लागली आणि त्याच वर्षी पूरही आला. १८६४ साली रेल्वेने सुरत मुंबईला जोडली गेली. त्यानंतर समुद्राचा व्यापार मुंबईचाच झाला.

रंगूनची वाट

रांदेरची गोष्ट मात्र इथे संपत नाही. जहाजे गेली, पण रांदेरच्या लोकांनी सफर सोडली नाही. १८५२ साली इंग्रजांनी रंगून घेतले आणि नवे शहर वसवायला सुरुवात केली, तेव्हा रांदेर आणि आसपासच्या गावांतले सुरती मुसलमान तिथे पोहोचले. रंगूनमध्ये सुरती सुन्नी जामा मशीद उभी राहिली. ती आजही आहे. सुरतींच्या मालकीचा ‘सुरती बडा बाजार’ तिथल्या मोठ्या बाजारांपैकी एक होता. आज त्याला थेइंजी झे म्हणतात. कोणी डर्बनला गेले, कोणी मॉरिशसला. कमाई मात्र रांदेरला येत राहिली.

गल्ल्यांतून हिंडताना ही कमाई डोळ्यांना दिसते. बर्मी सागाचे कोरीव दरवाजे, लाकडी सज्जे, रंगीत काचा, नक्षीच्या फरश्या. काही घरे नीट राखलेली, काहींना कुलूप. अनेक घरांचे वारस परदेशात आहेत. एक मशीद खारव्यांच्या, म्हणजे खलाशांच्या नावाने ओळखली जाते. गावात दोन मोठे मदरसे आहेत, जामिया अशरफिया आणि जामिया हुसैनिया. ‘फतावा रहीमिया’ हा ग्रंथ ज्यांच्या नावाने आहे ते मुफ्ती अब्दुर्रहीम लाजपुरी याच रांदेरचे इमाम होते.

जुहरची नमाज झाल्यावर खावसा खायला बसलो. शेवया, नारळाच्या दुधाचा रस्सा, वर तळलेला कांदा आणि मिरची. हा मूळचा बर्मी पदार्थ. रंगूनहून परतलेल्यांनी तो रांदेरला आणला आणि इथलाच केला. रंगूनी पराठाही तसाच. आमच्या बाकावर एक बुजुर्ग बसले होते. आम्ही भिवंडीचे कापडवाले आहोत म्हटल्यावर खुलले. दोन गल्ल्या पलीकडे त्यांचे घर. चहाला घेऊन गेले.

“हा दरवाजा रंगूनचा,” ते म्हणाले. “दादांनी धंदा चांगला चालला होता तेव्हा लाकूड पाठवून हे घर बांधलं. सुरती बडा बाजारात कापडाची दुकान होती.”

“मग दुकानाचं काय झालं, चाचा?” मुलाने विचारले.

दुकान दोनदा गेले. डिसेंबर १९४१ मध्ये जपान्यांचे बॉम्ब रंगूनवर पडले आणि मार्च १९४२ मध्ये शहर पडले. त्या वर्षी लाखो हिंदुस्थानी बर्मा सोडून निघाले. बहुतेकांना डोंगर-जंगलातून पायी यावे लागले आणि हजारो लोक वाटेतच मेले. चाचांचे वालिद तेव्हा चौदा वर्षांचे. तेही आपल्या वालिदांबरोबर चालत आले. लढाई संपल्यावर दादा परत गेले, दुकान पुन्हा उभे केले. मग १९६४ साल आले. बर्माच्या लष्करी सरकारने दुकाने सरकारजमा केली आणि त्याच वर्षी मे महिन्यात ५० आणि १०० च्या नोटा रद्द केल्या. जी दुकानदारी बॉम्बमधून वाचली होती ती एका हुकुमाने गेली. दादा रिकाम्या हाताने रांदेरला उतरले.

चाचांनी आतून कापडात गुंडाळलेली एक वही आणली. गुजराती अक्षरात लिहिलेली. पाने पिवळी पडलेली, पण शाई स्पष्ट होती. आम्हाला वाटले, रंगूनला लोकांकडे राहिलेल्या येण्याची वही असेल. चाचा हसले.

“नाही भाई. येण्याच्या वह्या तिकडेच राहिल्या. ही देण्याची. सुरतेच्या ज्या पेढ्यांकडून दादा माल उधार मागवत होते त्यांचा हिशेब. एवढीच एक वही त्यांनी कपड्यांत लपवून आणली.”

त्या वहीतली देणी फेडायला नऊ वर्षे लागली. दादांनी रांदेरमध्ये फेरीवर कापड विकले, वालिदांनी दुसऱ्याच्या दुकानात नोकरी केली. प्रत्येक नोंदीवर आडवी रेघ मारलेली आम्ही पाहिली. शेवटची रेघ १९७३ ची. सुरतेचे पेढीवाले म्हणत होते, तुमचे सर्व गेले, आम्ही समजू शकतो. त्यावर दादांचे उत्तर चाचांनी जसेच्या तसे सांगितले : “लेना डूब गया, वो अल्लाह की मर्जी. देना कैसे डुबाते, वो तो हमारी मर्जी होती.”

पुढे चाचांच्या वालिदांनी स्वतःचे दुकान काढले तेव्हा त्याच पेढ्यांनी जामिनाशिवाय माल दिला. ते दुकान आजही चालू आहे. चाचांचे मुलगे ते पाहतात. ऑगस्ट २००६ च्या तापीच्या पुरात रांदेर-अडाजण बुडाले, त्यात दुकानातला सगळा माल भिजला. तेव्हाही मार्केटातून पुन्हा उधारी मिळायला दोन दिवससुद्धा लागले नाहीत. आम्ही वही हातात घेऊन किती वेळ बसलो ते कळले नाही.

आमचा हिशेब

संध्याकाळी तापीच्या काठावर गेलो. रांदेर-सिंगणपोरच्या बंधाऱ्याने नदीचे दोन भाग केले आहेत. वरच्या बाजूला साठवलेले गोडे पाणी, खालच्या बाजूला भरती-ओहोटीचे. मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “अब्बा, त्या मुनीमाने ‘उद्या या’ म्हटलं तेव्हा तुम्हाला राग आला. सलीमभाईंना आपण चार महिने हेच सांगतोय.”

नाव आम्ही बदलले आहे, गोष्ट खरी आहे. आमच्या स्वतःच्या मालकीचे माग नाहीत. सूत आम्ही द्यायचे, भिवंडीतल्या लहान मागवाल्यांनी मीटरवर मजुरी घेऊन कापड विणून द्यायचे, असा हा धंदा. सुरतेचे पैसे अडकले म्हणून आम्ही तीन मागवाल्यांची मजुरी थांबवली होती. त्यांनी त्यांच्या कामगारांची थांबवली असणार. वरून पैसा आला नाही की खाली द्यायचा नाही, हा आज बाजाराचा रिवाजच झाला आहे आणि आम्ही तो रिवाज न लाजता पाळत होतो. स्वतःला मजलूम समजत होतो. आमच्या दारात उभे राहणाऱ्याच्या नजरेत आम्ही कोण होतो, हा विचार मनात आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी चार वाजता पेढीवर गेलो. सेठ भेटले. निम्म्या रकमेचा चेक दिला, बाकीसाठी मुदत मागितली. आम्ही ती लेखी घेतली. भिवंडीला आल्यावर नवा गाळा घेण्यासाठी बँकेत ठेवलेली ठेव मोडली आणि तिन्ही मागवाल्यांची मजुरी चुकती केली. गाळा राहिला. घरात यावर कुरबूर झाली, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. सुरतेची बाकी रक्कम हे लिहीपर्यंत पूर्ण आलेली नाही. पण सलीमभाईंनी पुढचा माल ठरल्या तारखेच्या आधी दिला आणि दुसऱ्या व्यापाऱ्याचे काम हातात असूनही आमचे आधी केले. पत म्हणजे काय ते आम्हाला तीस वर्षांच्या धंद्यानंतर नव्याने समजले.

व्यापारी आणि कारागीर बांधवांसाठी रांदेरहून आणलेल्या चार गोष्टी इथे मांडतो.

पहिली, सर्व भांडवल एका बंदरात ठेवू नका. रांदेरच्या ज्या घराण्यांचा एक भाऊ रंगूनला आणि दुसरा डर्बनला होता, ती १९६४ नंतर सावरली. आजचे बंदर म्हणजे एकच मोठी पार्टी. सगळा माल एकाच पेढीला देणारा व्यापारी त्या पेढीचा नोकर होतो.

दुसरी, व्यवहार लिहून ठेवा. उधारीचा करार लिहून घेण्याची ताकीद आपल्या दीनने दिली आहे आणि देशाचा कायदाही तेच सांगतो. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. लहान मागवाल्यांनी ‘उद्यम’ नोंदणी करून घ्यावी. नोंदणी आणि बिल नसेल तर दाद मागायला हातात काही राहात नाही. आणि व्यापाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की या कायद्याचे बोट आपल्याकडेही वळते.

तिसरी, कारागिराला जपा. वाडिया गेला तेव्हा सुरतेला वाटले असेल की एक सुतार गेला. भिवंडी-मालेगावचा चांगला विणकर आज माग बंद करून रिक्षा चालवायला जातो तेव्हा आपल्यालाही तसेच वाटते.

चौथी, अडचण सांगण्यात कमीपणा मानू नका. पैसे नसतील तर तारीख द्या आणि ती पाळा. “उद्या या” ही तारीख नव्हे.

शेवटी एक गोष्ट. भिवंडीला परतल्यावर एका सकाळी आम्ही मुलाला घेऊन कामवारी नदीकडे गेलो. आपली भिवंडीही एके काळी बंदरच होती. खाडीतून गलबते इथवर येत. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि पुढे याच खाडीच्या आधाराने आरमाराची जहाजे बांधायला सुरुवात झाली. आज तिथे काठावर कचऱ्याचे ढीग आहेत आणि पाण्याला वास येतो. मुलाने विचारले, “इथे जहाजं लागत होती, हे कोणाला माहीत आहे?” आम्ही म्हटले, आता तुला माहीत आहे.

रांदेरला जाण्यासाठी सुरतेच्या एका फेरीतले चार तास पुरतात. वसुलीला गेलेल्या प्रत्येक व्यापाऱ्याने ते काढावेत. येणे मिळेल की नाही ते आपल्या हातात नाही. पण परत येताना आपल्या देण्याची वही उघडावीशी वाटेल, एवढे मात्र आम्ही खात्रीने सांगू शकतो.